गोवऱ्यांवरचा गुलाब

लग्नघरात कामं वाटताना एक वेळ अशी येते की जबाबदारीची सगळी कामं संपतात आणि एक माणूस उरतो. आचाऱ्यावर लक्ष ठेवायला धाकटे काका, दागिन्यांच्या पेटीपाशी आत्या, दक्षिणेच्या पाकिटांना हिशेबी भाऊ, मुलाकडच्यांना स्टेशनवरून आणायला गाडीवाला मेव्हणा. उरलेल्याला रिकामं ठेवणं धोक्याचं, कारण रिकामा माणूस मानापमानात लक्ष घालतो. मग त्याच्या हातात चांदीची अत्तरदाणी देऊन त्याला दाराशी उभं करतात. "प्रत्येकाला एकच बोट, पाहुणे तीनशे आहेत," असं बजावलेलं असतं. पहिल्या पन्नास पाहुण्यांत तो अत्तर संपवतो आणि उरलेल्या अडीचशे मनगटांवर अतिशय अदबीने कोरडं बोट फिरवतो. ते अडीचशे लोकही मनगट नाकाशी नेऊन "वा!" म्हणतात.

अत्तराशी आपलं नातं असं आहे. प्रेम आहे, पण बेताचं. दिवाळीला उटण्याबरोबर करंगळीएवढी कुपी येते. तिच्यातला एक थेंब कापसाच्या फायाला, फाया कानात, आणि कुपी परत कोनाड्यात, पुढच्या नरकचतुर्दशीपर्यंत. हळदीकुंकवाला हाताच्या पाठीवर एक रेघ ओढतात, तीही पुढचीचा नंबर लागायच्या घाईत. परदेशातल्या भाच्याने आणलेला स्प्रे पैठणीच्या घडीत जातो, "चांगल्या वेळेला होईल" म्हणून. चांगली वेळ येते तेव्हा आतला माल उडून गेलेला असतो, आणि बाटली इतकी देखणी की टाकवत नाही. तिच्यात मनीप्लांट लागतो.

आता ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या अत्तराचाच धंदा चालत आला आहे, त्यांच्याविषयी आपली काय कल्पना असते? संगमरवरी हौद, त्यात तरंगणाऱ्या पाकळ्या, मलमलीच्या पडद्याआड कुणीतरी सुस्कारे टाकत बसलेलं. ही कल्पना घेऊन उत्तर प्रदेशातल्या कनौजला जाऊ नये. कानपूरपासून सुमारे ८० किलोमीटरवरच्या या गावात अत्तराच्या कारखान्यात पाऊल टाकलं की पहिला वास येतो तो गोवऱ्यांच्या धुराचा. दुसरा ओल्या मातीचा. तिसरा कातड्याचा. गुलाब या रांगेत चौथा किंवा पाचवा असतो, आणि तोही वारा आपल्या बाजूचा असेल तर.

गाव जुनं आहे. सातव्या शतकात सम्राट हर्षवर्धनाची ही राजधानी. आपल्याकडच्या चालुक्य पुलकेशीने हर्षाला नर्मदेवर अडवलं हे आपण शाळेत अभिमानाने पाठ केलेलं असतं. पुढे याच गावासाठी बंगालचे पाल, प्रतिहार आणि वेरूळचं कैलास लेणं खोदवणारे राष्ट्रकूट अशी तिरंगी मारामारी दीडदोनशे वर्षं चालली. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला तिसरा इंद्र हा राष्ट्रकूट राजा दख्खनेतून थेट कनौजपर्यंत गेला, ते जिंकलं, आणि फार दिवस न राहता परत आला. उत्तर भारतात जाऊन खरेदी करायची आणि लगेच परतीची गाडी पकडायची ही आपली रीत किमान तेव्हापासूनची दिसते. त्याने येताना घरी अत्तर आणलं का, याचा उल्लेख ताम्रपटांत नसावा. ताम्रपटांत एकूणच घरच्यांच्या तक्रारी कमी असतात.

गुलाबाच्या अत्तराची जी दरबारी कथा सांगतात, तिची नायिका सगळीकडे नूरजहाँ. हौदात गुलाबपाणी, वर तेलाचा तवंग, तिने तो बोटाने टिपला, वगैरे. प्रत्यक्षात जहांगीर बादशहाने आपल्या आठवणींत हे श्रेय स्वच्छ शब्दांत नूरजहाँच्या आईला, अस्मत बेगमला दिलेलं आहे. ती गुलाबपाणी काढत होती, गरम गुलाबपाणी ओतलं त्या भांड्यांवर साय धरल्यासारखं काही आलं, तिने ते थोडं थोडं गोळा केलं आणि ते अत्तर निघालं. बादशहाने बक्षीस म्हणून तिला मोत्यांचा सर दिला. अत्तराला नाव मात्र ‘इत्र-ए-जहांगीरी’ पडलं. म्हणजे शोध सासूचा, नाव जावयाचं, आणि कीर्ती मुलीची. तरीही सासूबाईंनी काहीतरी चांगलं केलं असं स्वहस्ते लिहून ठेवणारा जावई इतिहासात दुर्मीळ म्हणावा लागेल. बाकी बाबतींत जहांगीरविषयी मतभेद असू शकतात. या बाबतीत नाहीत.

कनौजच्या घराण्यांना मात्र हा इतिहास सांगण्यात फारसा रस नसतो. त्यांना आपलं दुकान शेजारच्यापेक्षा जुनं आहे एवढंच सांगायचं असतं. बाजारातून चालताना पाट्या वाचत जाव्यात. एक दुकान पुराना, दुसरं असली पुराना, तिसरं सबसे पुराना. चौथ्याच्या पाटीवर आजोबांचा फोटो असतो आणि समोरच्या पाचव्या दुकानावरही त्याच आजोबांचा, फक्त फेटा वेगळा. या दोन पाट्यांमधल्या रस्त्यावर एका घराची वाटणी झालेली असते, हे ओळखायला इतिहासकार लागत नाही. चुलतभावांनी बोलणं टाकलेलं असतं, पण वारा दोघांचा एकच. समोर कोणती देग लागली आहे आणि ती किती तापली आहे हे ओटीवर बसल्या बसल्या नाकाने कळतं. कुटुंबात अबोला असून सगळ्या बातम्या वेळेवर पोचण्याची इतकी चोख सोय मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

मी ज्या घराण्यात गेलो त्याचे कर्ते म्हणजे एक वयस्कर लालाजी. गादीवर पांढरी चादर, मागे कपाटात काचेच्या बुधल्या, पुढ्यात हिशेबाची वही आणि कॅल्क्युलेटर. मी कवितेच्या मनःस्थितीत होतो. विचारलं, "लालाजी, सुगंध म्हणजे तुमच्या दृष्टीने नक्की काय?" ते म्हणाले, "भाईसाहब, उधारी." मग जरा थांबून म्हणाले, "माल दिखता नहीं, पैसा भी नहीं दिखता."

कारखाना दुकानामागे. तिथे तांब्याच्या मोठ्या देगा विटांच्या भट्ट्यांवर ओळीने बसवलेल्या. एकेका देगेत क्विंटलभर फुलं मावतात. वरून पाणी घालतात, तांब्याचं झाकण ठेवतात आणि कडेची फट कापूस-मातीच्या लगद्याने बुजवून टाकतात. झाकणातून एक बांबूची नळी निघते, तिला सुतळी गुंडाळलेली. हिला म्हणतात चोंगा. ती तिरकी उतरते ती शेजारच्या पाण्याच्या हौदात बसवलेल्या लांब मानेच्या तांब्याच्या भांड्यात, भपक्यात. भपक्यात आधीपासून काही किलो चंदनाचं तेल ओतलेलं असतं. खाली लाकडं आणि गोवऱ्या पेटल्या की फुलांची वाफ नळीतून भपक्यात येते, थंड होते आणि तिच्यातला सुगंध चंदनतेलात मुरतो. बस्स. हा सगळा प्रकार मोदकपात्राच्या तत्त्वावर चालतो, फक्त इथे वाफ ठेवून मोदक टाकून देतात.

भट्टीशी जो कारागीर बसतो त्याला सगळे चाचा म्हणत होते. तापमान मोजायला काही नाही. घड्याळ भिंतीवर आहे, पण ते बंद. चाचा हौदात हात घालून भपक्याच्या पोटाला स्पर्श करतात, देगेला कान लावतात, आणि "दो लकड़ी निकाल" म्हणतात. तो निर्णय अंतिम. आग जास्त झाली की फुलं करपून अत्तराला धुरकट वास, कमी झाली की वाफच येत नाही. वाफ किती आली, भपका कधी बदलायचा, हे सगळं हाताच्या तळव्यात आणि कानात साठवलेलं. मी चाचांना विचारलं की हे शिकायला किती वर्षं लागतात. त्यांनी माझ्या तळव्याकडे पाहिलं, तळव्यावर कीबोर्डाखेरीज कशाचाच संस्कार नव्हता, आणि ते काही न बोलता पुन्हा हौदाकडे वळले.

एवढ्यावर संपलं असं मात्र नाही. रात्री भपका निवतो, तेल वर आणि पाणी खाली असे वेगळे होतात, पाणी काढून टाकतात आणि दुसऱ्या दिवशी त्याच तेलावर नव्या फुलांची वाफ. तिसऱ्या दिवशी पुन्हा. असं दहापंधरा दिवस. चंदनतेल पुरेसं गुलाबाळलं असं लालाजींच्या नाकाला वाटेपर्यंत हे चालू. गुलाब बहुतेक हाथरस-अलिगढच्या बाजूचा, पहाटे खुडलेला. ऊन वर आलं की पाकळीतला सुगंध उडून जातो, म्हणून तोडणाऱ्यांची पहाट आणि आणणाऱ्यांची पळापळ. मोगरा मात्र संध्याकाळचा, कारण तो रात्री उमलतो. केवड्याची गोष्ट आणखी न्यारी. तो ओडिशात गंजामच्या किनाऱ्यावर. फूल नाजूक, वाट लांबची. मग फुलं कारखान्याकडे आणण्याऐवजी कारखानाच फुलांकडे नेतात. देग उचलायची, गाडीत घालायची आणि जिथे फूल असेल तिथे चूल मांडायची. आपल्याकडे तमाशाचे फड गावोगाव फिरत, पण तिथे निदान प्रेक्षक जागचे हलत तरी.

चंदनतेल न घालता नुसत्या फुलाचा अर्क काढला तर त्याला रूह म्हणतात. गुलाबाच्या एक किलो तेलासाठी तीन ते पाच हजार किलो पाकळ्या लागतात. हा आकडा ऐकल्यावर मी मनातल्या मनात देवघरातल्या रोजच्या चार गुलाबांचा हिशेब केला आणि देवाची माफी मागितली. किंमत किलोला लाखांत, म्हणून विकतात तोळ्याने. लालाजींनी रूह-ए-गुलाबची इवलीशी बाटली माझ्या हातात दिली तेव्हा दोन मजूर आणि एक मांजर अशी तिघांची नजर माझ्या बोटांवर होती.

अत्तर काढून झालं तरी त्यात पाण्याचा अंश राहतो. तो घालवायला काय वापरत असतील? कातड्याची बुधली. तिचं नाव कुप्पी. परंपरेने उंटाच्या कातड्याची. अत्तर तिच्यात भरून उन्हात ठेवतात. कातड्यातून पाणी हळूहळू बाहेर झिरपून उडतं, तेल मात्र आतच राहतं. शुद्धतेच्या या शेवटच्या संस्काराला उंट लागतो हे लग्नातल्या सोवळ्यातल्या मंडळींना कुणी कधी सांगितलेलं नाही. मीही सांगणार नाही. आपल्या आजीने आयुष्यभर ज्या कुपीला देवाजवळ जागा दिली, तिच्या पूर्वेतिहासात एक उंट आहे.

ही घराणी जगात नामांकित झाली ती गुलाबापेक्षाही मातीमुळे. आणि माती म्हणजे अक्षरशः माती. कुंभाराकडून भाजलेल्या चकत्या आणायच्या, फुटकी कुल्हडं गोळा करायची, ती फुलांच्या जागी देगेत भरायची, वर पाणी, खाली गोवऱ्या, पुढे चंदनतेल. जे निघतं ते ‘मिट्टी का इत्र’. वळवाचा पहिला पाऊस तापल्या अंगणावर पडल्यावर जो वास येतो, तो बाटलीत. ही देग लावतात मे-जूनमध्ये, पाऊस येण्याच्या आधी, म्हणजे ज्या वेळी माणूस त्या वासासाठी जीव द्यायला तयार असतो. बाजारपेठेचा अभ्यास याला म्हणतात.

आपण शाळेत असताना खडू, पाटीवरची पेन्सिल आणि कुंभाराकडची कच्ची माती खायचो तेव्हा मार बसायचा. तीच आवड तांब्याच्या देगेत घातली की तोळ्याने विकली जाते. १९६४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या दोन शास्त्रज्ञांनी कोरड्या मातीवर पाणी पडल्यावर येणाऱ्या या वासावर ‘नेचर’मध्ये शोधनिबंध लिहिला आणि त्याला ‘पेट्रिकोर’ असं नाव दिलं. निबंधात त्यांनी प्रामाणिकपणे नोंदही केली की भारतात हा वास आधीपासून काढून विकला जातो. वर्षभराने त्यातल्या एका मुख्य द्रव्याचं, मातीतल्या जिवाणूंनी बनवलेल्या जिओस्मिनचं, नामकरण झालं. चाचांना मी ही सगळी हकिगत उत्साहाने सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, "तो अब वो लोग भी बनाते हैं?" म्हटलं, नाही, फक्त नाव दिलं. चाचांच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली ती पाहून मला पुण्यातल्या अनेक चर्चासत्रांची आठवण झाली.

पण घराण्याची खरी इभ्रत शमामा नावाच्या अत्तरात. याच्या कृतीविषयी विचारलं की लालाजींचा आवाज बसतो, मोठा मुलगा दार लोटून घेतो आणि धाकटा मोबाइल उचलून बाहेर जातो. दोनतीन डझन जिनसा, प्रत्येक घराण्याचं प्रमाण वेगळं, वस्तू टाकण्याचा क्रम वेगळा, आणि सगळं डोक्यात. कागदावर काही नाही, कारण कागद समोरच्या आजोबांकडे जाऊ शकतो. जिनसांची नावं मात्र कुणी लपवत नाही. लालाजींनी एकेक बरणी उघडून दाखवली. पहिलीत दगडफूल. दुसरीत जायपत्री. मग लवंग, वेलची, जायफळ, केशर. माझ्या तोंडाला पाणी सुटलं, जे अत्तराच्या दुकानात सुटणं बरं दिसत नाही. पुढच्या बरण्यांत नागरमोथा, कपूरकाचरी, जटामांसी. आता मला अंघोळ करावीशी वाटू लागली. अर्धा शमामा आमच्या गोड्या मसाल्याच्या डब्यातून आलेला आणि उरलेला अर्धा दिवाळीच्या उटण्यातून. उत्तरेतल्या नवाबांनी थंडीत अंगाला लावून मिरवलेली ही दौलत आमच्याकडे निम्मी आमटीत पडते आणि निम्मी मोरीतून वाहून जाते, आणि आम्ही तरीही स्वतःला काटकसरी समजतो. एका बरणीत भाजलेल्या समुद्री शिंपल्यांचा अर्कही होता. तो हुंगल्यावर मला मालवणची एक खानावळ आठवली. लालाजी म्हणाले, "इसके बिना शमामा अधूरा." बाटलीभर राजेशाही सुगंधाला खालून पाठ देतो तो जळका शिंपला.

शमामा अंगात ऊब आणतो, म्हणून तो हिवाळ्याचा. उन्हाळ्याला खस, म्हणजे आपला वाळा, माठातला आणि कूलरच्या ताट्यांतला. तांब्याच्या देगेत काढलेल्या वाळ्याच्या रूहला तांब्यामुळे एक हिरवी झाक येते. बाकी हिरव्या रंगाच्या सगळ्या सरबतांना ती झाक कुठून येते, ते विचारू नये.

आता चंदनाचं. सगळ्या अत्तराचं बूड चंदनतेल, आणि चंदन मिळवणं ही एक स्वतंत्र साहसकथा. टिपू सुलतानाने म्हैसूर राज्यात चंदनाला राजवृक्ष केलं, १७९२ च्या सुमारास. राजा गेला, इंग्रज आले, इंग्रज गेले, सरकार आलं, पण झाड राजाचंच राहिलं. तुमच्या परसात पक्ष्याच्या कृपेने चंदन उगवलं तर ते कर्नाटक सरकारच्या मालकीचं. तुम्ही फक्त त्याला पाणी घालायचं आणि पोलिसांना घाबरायचं. हा कायदा तिथे २००१ मध्ये बदलला. तोवर या व्यवसायातलं देशात सगळ्यात गाजलेलं नाव कुठल्या अत्तरवाल्याचं नव्हतं. ते वीरप्पनचं होतं. चंदन इतकं महागलं की अनेकांनी त्याच्या जागी द्रव पॅराफिन किंवा आणखी स्वस्त रसायनं वापरायला सुरुवात केली. पॅराफिनला स्वतःचा वास नाही, स्वतःचं मत नाही, जे सांगाल ते धरून बसतो आणि दोन तासांत विसरतो. लालाजी याविषयी बोलताना फार दुःखी झाले. मी विचारलं, "तुम्ही वापरता का?" ते म्हणाले, "जिसको जैसा चाहिए." मग दोन बाटल्या पुढे ठेवल्या. एक पाचशेची, दुसरीची किंमत ऐकून मी पहिलीच फार छान आहे असं म्हणालो.

सरकारने या घराण्यांकडे दुर्लक्ष केलं असं म्हणता येणार नाही. १९९१ मध्ये कनौजला सुगंध व सुरस विकास केंद्र काढलं, तिथे यंत्रं आहेत, वायूच्या झोतात अत्तर सोडून त्यातलं एकेक द्रव्य सुटं करणारी. २०१४ मध्ये कनौजच्या सुगंधाला भौगोलिक मानांकनही मिळालं. २०२१ मध्ये, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, समाजवादी पक्षाने कनौजचं ‘समाजवादी अत्तर’ सुद्धा बाजारात आणलं. पक्षाचा वास मतदाराच्या अंगाला लावण्याची ही कल्पना मूळची फार चांगली. निवडणुकीत मात्र पक्ष हरला. बाकीच्या पक्षांनी आपापलं अत्तर काढायचं धाडस अजून केलेलं नाही, आणि त्यांचे वास आठवले तर तो शहाणपणाच म्हणायचा.

मग एवढी सगळी अत्तरं जातात कुठे? मी गृहीत धरलं होतं की लखनौ, हैदराबाद, मुंबईचा मोहम्मद अली रोड, आखाती देश. तिथे जातातच. दिल्लीच्या दरीबा कलाँसारख्या जुन्या गल्लीतही अशीच घराणी बसली आहेत, त्यांतलं एक १८१६ सालापासून दुकान मांडून आहे. पण लालाजींनी वही उघडली आणि बोट ठेवलं. कनौजला गेली कित्येक दशकं जगवणारं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे गुटखा आणि पानमसाला.

हे ऐकून मी थोडा वेळ गप्प बसलो. पहाटे पाच वाजता दवातून खुडलेला गुलाब. गंजामच्या किनाऱ्यावर देग नेऊन काढलेला केवडा. चाचांचा कान, उंटाचं कातडं, चार पिढ्यांचं नाक. आणि या सगळ्याचा मुक्काम कुठे, तर आमच्या तालुका कचेरीच्या जिन्याच्या कोपऱ्यात, देवांच्या फरशा लावलेल्या भिंतीवर, गणपती आणि साईबाबांच्या मधल्या मोकळ्या जागेत. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. कनौजला ती बातमी कळली का, असं मी विचारलं. लालाजी म्हणाले, हो, कळली होती, त्या महिन्यात मागणी जरा हलली आणि मग परत जागेवर आली. सरकारचं नाक या धंद्यात फार कच्चं आहे, हे त्यांचं मत. मी इथे सहमती किंवा असहमती नोंदवत नाही. जिने तुमच्याही कचेरीत आहेत.

आणि तरी खरं सांगायचं तर लालाजींना याची लाज वाटत नव्हती, आणि मला ते आवडलं. गोवरी गुलाबाखाली जळते, कातडं पाणी पिऊन तेल राखतं, जळका शिंपला शमामाला उभं करतो आणि गुटखा घराण्याची दिवाळी साजरी करतो. या धंद्यात वासाची वर्णव्यवस्था फक्त गिऱ्हाईकाच्या डोक्यात असते. कारखान्यात सगळे एका भट्टीवर.

नवी पिढी मात्र अस्वस्थ आहे. लालाजींचा नातू रसायनशास्त्र शिकून आला आहे, दाढी कोरलेली, कानात ती बिनवायरची बोंडं. पहिल्यांदा त्याने आजोबांचं नाक यंत्राशी लावून पाहिलं. एक नमुना यंत्रात घातला, कागदावर डोंगररांगा उमटल्या, अर्ध्या तासाने त्याने जाहीर केलं की यात वीस टक्के भेसळ आहे. आजोबांनी झाकण उघडून बंद केलं आणि कुणाच्या दुकानातून आणला, त्याच्या बापाने कधी भेसळ सुरू केली, आणि त्या वर्षी त्याच्या मुलीचं लग्न होतं, हेही सांगितलं. यंत्राला यातलं शेवटचं काहीच येत नव्हतं.

मग नातवाने ठरवलं की गुटख्यावर अवलंबून राहायचं नाही, आपणही ‘नीश’ परफ्यूम काढायचं. हे प्रकरण पॅरिस-मिलानमध्ये जोरात आहे. नीश म्हणजे थोड्या लोकांसाठी, थोडं बनवलेलं, आणि थोडी नसलेल्या किमतीचं. बाटलीबरोबर एक जाड कागदाचं कार्ड येतं, त्यावर हा वास कशाकशाची आठवण करून देतो ते लिहिलेलं असतं. चर्चमधली मेणबत्ती, आजोबांचं चामड्याचं पाकीट, सकाळची न्याहारी आणि एक अपुरं प्रेम. किमतीत त्या अपुऱ्या प्रेमाचा वाटा मोठा असतो. माझ्यासमोरच नातवाने पहिल्या नमुन्याची बाटली गादीवर ठेवली. आत मिट्टीचं अत्तर, अगदी चाचांच्या देगेतलं, काही न मिसळलेलं. बाहेर काळी बाटली, आणि कार्ड इंग्रजीत. लालाजींनी मला वाचून दाखवायला सांगितलं. मी जमेल तसं उलगडून सांगितलं: पावसात भिजलेलं जुनं वाचनालय, पिवळी पडलेली पानं, विसरलेलं पत्र.

लालाजींनी अत्तर हुंगलं, कार्ड उलटसुलट पाहिलं. "लेकिन ये तो मिट्टी है."

"दादाजी, इसे स्टोरी कहते हैं," नातू म्हणाला.

"दाम?"

"आठ हज़ार. पचास एमएल."

गादीवर शांतता पसरली. मुनीम लिहायचा थांबला. लालाजींनी चष्मा पुसला, कार्ड पुन्हा हातात घेतलं, या वेळी दोन्ही हातांनी, आणि बराच विचार करून म्हणाले,

"पुरानी किताबें लिखी हैं, तो दीमक भी लिख दो. दस हज़ार कर दो."